पाटीतलं पापलेट लहान का झालं?

मैत्रिणींनो, परवाच्या रविवारी आमच्याकडे नणंदबाई जेवायला यायच्या होत्या. त्यांना भरलं पापलेट फार आवडतं. म्हणून सकाळी लवकर पिशवी घेऊन मी बाजार गाठला. आमची नेहमीची मासेवाली मावशी ओट्यावर बसलेली होतीच. तिनं पाटीवरचं ओलं फडकं बाजूला केलं आणि मी बघतच राहिले. पापलेटं होती, पण केवढी? माझ्या तळहाताएवढीसुद्धा नाहीत! भाव मात्र असा, की पर्समध्ये गेलेला हात तिथंच थांबला.

"अगं मावशी, ही पापलेटं की पापलेटांची पोरं?" मी म्हटलं.

एरवी माझ्या बोलण्यावर खळखळून हसणारी मावशी हसली नाही. म्हणाली, "वैनी, दर्यात असंल तर पाटीत येल ना! माझी सासू ह्याच ओट्यावर बसायची. तिच्या पाटीतलं पापलेट ताटाबाहेर जायचं. आता मी लेकीला सांगितलंय, तू शीक, नोकरी बघ, ह्या धंद्यात पडू नको."

खरं सांगते, त्या दिवशी मी ती पापलेटं घेतली. पाहुणे यायचे होते, दुसरं काय करणार? पण घरी येऊन त्यांच्या पोटात मसाला भरायला बसले, तर चमचाभर मसालाही मावेना. मनाला काही बरं वाटलं नाही. म्हणूनच आज पाककृतीऐवजी पापलेटाविषयीच चार गोष्टी सांगायला बसले आहे.

समुद्र म्हणजे काही द्रौपदीची थाळी नव्हे

आपल्याला वाटतं, एवढा मोठा समुद्र, त्यातले मासे कसे संपतील? एक मासा हजारोंनी अंडी घालतो, मग तोटा कसला? पण त्या अंड्यांतून निघालेल्या पिलांपैकी फार थोडी मोठी होतात. बाकीची इतर माशांच्या पोटात जातात. जी जगतात, त्यांनी वाढायचं, निदान एकदा तरी अंडी घालायची, आणि मग खुशाल आपल्या ताटात यायचं, असा निसर्गाचा हिशेब आहे. मोडतो तो नेमका मधल्या पायरीवर. मासा पहिल्यांदा अंडी घालायच्या आतच आपण त्याला तव्यावर टाकतो.

हे गणित आपल्या बायकांना समजावून सांगायला नको. पोस्टात ठेवलेल्या पैशाच्या व्याजावर घर चालवलं, तर ठेव जन्मभर पुरते. दर महिन्याला मुद्दलाला हात घातला, तर पासबुक रिकामं व्हायला कितीसा वेळ लागतो? समुद्राच्या बाबतीत आपण मुद्दल खात आहोत.

ही नुसती मावशीची तक्रार नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था दरवर्षी किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीची मोजदाद करते. महाराष्ट्रात २०१८ साली सुमारे २ लाख ९५ हजार टन मासळी मिळाली होती. २०१९ साली ती २ लाख १ हजार टनांवर आली. गेल्या ४५ वर्षांतला हा नीचांक, असं त्या वेळी सांगितलं गेलं. त्या वर्षी 'क्यार' आणि 'महा' ह्या वादळांनी होड्या किनाऱ्यालाच बांधून ठेवल्या होत्या, हेही खरं. समुद्राचं पाणी तापतं आहे, खाड्यांत घाण जाते आहे, तिवरांची झाडी कमी होते आहे, ही कारणंही आहेतच. पण घरात आजारपण असताना उधळपट्टी करू नये, एवढं तर आपल्याला कळतं ना?

बटव्याची नाडी

पूर्वी कोकणात आणि गोव्यात रापण ओढायचे. सारा वाडा दोरीला हात लावायचा आणि जे मिळेल ते वाटून घ्यायचा. मग यंत्रावरच्या होड्या आल्या, त्यांच्यामागे ट्रॉलर आले. ट्रॉलरचं जाळं समुद्राच्या तळावरून फरफटत जातं. त्याचे आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीक असली, की मोठ्या माशांबरोबर त्यांची पिलंही खरवडून वर येतात. ही पिलं बाजारात कोण घेणार? मग ती कवडीमोलानं विकली जातात आणि वाळवून, दळून त्यांचं कोंबड्यांचं खाद्य होतं. वर्षभरानं ज्यांनी आपल्या ताटात यायचं, त्यांचा असा भुगा होतो.

दुसरं जाळं पर्ससीनचं. माशांचा थवा दिसला, की त्याच्याभोवती हे अवाढव्य जाळं टाकायचं आणि खालची दोरी ओढायची. आपल्या बटव्याची नाडी ओढावी तसं. आतलं काही म्हणून बाहेर सुटत नाही. त्यात रात्री प्रखर एलईडी दिवे लावले, तर दूरदूरचे मासे आपण होऊन उजेडाकडे येतात. हे दिवे लावून मासे धरायला केंद्र सरकारनं २०१७ च्या नोव्हेंबरात बंदी घातली. त्याआधी, २०१६ मध्ये, राज्य सरकारनं पर्ससीनवर निर्बंध आणले. तरी चोरून दिवे लागतातच, असं किनाऱ्यावरची माणसं सांगतात. ज्याची होडी लहान आणि जाळं साधं, तो रिकाम्या हातानं परत येतो आणि त्याच्या बायकोची पाटी अर्धी राहते.

शिंगाळ्याचा बाप

एक गोष्ट मात्र मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिंगाळा मासा तुम्हांला ठाऊक असेल. काही ठिकाणी त्याला शिंगटी म्हणतात. त्याची अंडी गोटीएवढी मोठी आणि संख्येनं थोडी असतात. मादीनं अंडी घातली, की नर ती आपल्या तोंडात धरतो. पिलं बाहेर पडून फिरती होईपर्यंत तो ती तोंडातच सांभाळतो आणि तितके दिवस उपाशी राहतो. आहे ना नवल? आमच्या ह्यांना हे वाचून दाखवलं, तर म्हणाले, "मग! बापाची माया कुणाला दिसत नाही."

१९७० नंतर कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीनची जाळी आली. त्या जाळ्यांत तोंडात अंडी धरलेल्या ह्या बापांचे थवेच्या थवे सापडू लागले. जाळ्यात तडफडताना तोंडातली अंडी सांडत आणि वाया जात. एका फेरीत बापही गेले आणि त्यांची पुढची पिढीही. शास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारासच धोक्याची सूचना दिली होती. ती फारशी कुणी मनावर घेतली नाही, आणि पुढे शिंगाळ्याची मासेमारी तिथं पार ढासळली.

पाचशे वर्षांचं समुद्राचं दान

परदेशातही ह्याहून निराळं घडलं नाही. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या समुद्रात कॉड नावाचा मासा अमाप मिळे. जवळजवळ पाचशे वर्षं युरोपातून होड्या तिथं जात होत्या. मग मोठमोठी यंत्रजहाजं आली, जाळी रात्रंदिवस ओढली गेली, आणि बघता बघता कॉड दिसेनासा झाला. अखेर २ जुलै १९९२ रोजी सरकारला ती मासेमारीच बंद करावी लागली. सुमारे ३० हजार माणसांचं काम एका फटक्यात गेलं. गावंच्या गावं ओस पडली. दोन वर्षांत मासे परत येतील असं वाटलं होतं. व्यापारी मासेमारी मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू व्हायला २०२४ साल उजाडलं, म्हणजे ३२ वर्षं लागली! तेव्हा बंदरावर काम करणाऱ्या किती बायका आज आज्या झाल्या असतील, विचार करा.

आजीचा डबा

आपल्याकडे मात्र हे शहाणपण कायद्याच्या आधी घरात होतं. आठवा बरं, मे महिन्यात आजी काय करायची? पापड, कुरडया झाल्या, की सुके बोंबील, सोडे, जवळा, खारा बांगडा ह्यांची बेगमी. ऊन देऊन, डबे घट्ट बंद करून सगळं फडताळात. मृगाचा पाऊस पडला, की होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. मग श्रावण आला, की मासळी वर्ज्य. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मगच होड्या पाण्यात जायच्या. खवळलेल्या समुद्रात माणसांचा जीव वाचायचा आणि पावसाळ्यात अंडी घालणाऱ्या माशांनाही उसंत मिळायची.

आता पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यंत्रहोड्यांना बंदी असते. महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली आणखी दोन गोष्टी केल्या. पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला, आणि ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर. त्याहून लहान धरायचे नाहीत. ह्याचा पापलेटाला खरा उपयोग होईल, तो आपण साथ दिली तर. कारण सरकारी माणूस प्रत्येक ओट्यावर उभा राहू शकत नाही, पण आपण रोज तिथंच उभ्या असतो.

आपण काय करायचं?

१. वीत मोजा. मिलिमीटर कुणाच्या लक्षात राहणार? बाईची वीत साधारण १८ ते २० सेंटीमीटर असते. पापलेट आणि बोंबील वीतभर तरी असावेत. पापलेटाची कायद्यातली मर्यादा लहान आहे, पण ते अंडी धरण्याजोगं होतं त्याहून मोठं झाल्यावर. सुरमई दोन विती असावी.

२. लहान जात आणि लहान पोर ह्यांत गल्लत नको. मांदेली, करंदी, जवळा ही मुळातच लहान. ती जरूर घ्या. पण वीतभराची सुरमई म्हणजे पोरच.

३. पापलेट-सुरमईचा हट्ट सोडा. बांगडा, तारली, मांदेली ही मासळी झपाट्यानं वाढते, खिशाला परवडते आणि पौष्टिकही असते. तळ्यातले रोहू-कटला मुख्यतः कोंडा आणि पेंडीवर वाढतात. आलं-लसूण आणि चिंचेचा कोळ लावून तासभर ठेवले, की त्यांचा उग्र वास जातो.

४. पावसाळ्यात मुद्दाम गाबोळी मागू नका. चव मलाही आवडते, पण त्या दिवसांत मागणी आपणच वाढवतो आणि भाव पाहून कुणीतरी चोरून जाळं टाकतो. बंदीच्या काळात बाजारात दिसणारी सगळीच मासळी चोरीची नसते, हेही ध्यानात ठेवा. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपते आणि तिकडून बर्फातली मासळी येते. तेव्हा उगाच मावशीशी भांडू नका.

५. घ्याल ती ताजी घ्या. कल्ले लाल, डोळे फुगीर व चकचकीत, आणि बोटानं दाबल्यावर खळगा राहता कामा नये. शिळी निघालेली मासळी टाकून देण्याइतकी दुसरी नासाडी नाही.

६. डोकं आणि शेपटीचे तुकडे फेकू नका. त्यांच्या कालवणाला जी चव येते, ती तुकड्यांच्या कालवणाला येत नाही.

७. सुक्या मासळीचा डबा पुन्हा भरा. कडकडीत ऊन दिलेले सोडे आणि बोंबील कोरड्या बरणीत पावसाळाभर छान राहतात. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळवणाऱ्या बायकांनाही त्यातून चार पैसे मिळतात.

शाकाहारी मैत्रिणी म्हणतील, आम्हांला काय त्याचं? पण किनाऱ्यावरच्या हजारो घरांची चूल ह्यावर पेटते. होडी पुरुष हाकतो, तरी धक्क्यावर लिलावात बोली लावणारी, बर्फ भरणारी, लोकलच्या डब्यातून पाटी नेणारी आणि संध्याकाळी हिशेब घालणारी बहुधा बाईच असते. मासा संपला, तर आधी तिची कमाई जाते, मग तिच्या मुलीची शाळा.

ह्या रविवारी मी पुन्हा बाजारात गेले. पाटीत तसलीच पापलेटं होती. मी वीत लावली आणि मान हलवली. मावशीनं आधी कपाळाला आठी घातली. मी म्हटलं, "रागावू नको. बांगडे दे सहा, आणि मोठी पापलेटं आली, की मला आधी सांग. दोन पैसे जास्त देईन." ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग बांगडे साफ करता करता म्हणाली, "समद्या वैन्यांनी असं मागितलं, तर आमी पण धक्क्यावर बारकी उचलनार नाय. आमाला तरी काय हौस हाय?"

बांगड्यांचं तिरफळं घालून तिखलं केलं. नणंदबाईंनी दोनदा भात घेतला. पापलेटाचं नावसुद्धा निघालं नाही.