माघार आणि बंदिवास (लेखांक ६) : रूळ संपतात तिथे

गेल्या आठवड्यात आपण १८७० साली सेदानला शरण आलेल्या फ्रेंच सैन्याचे हाल पाहिले. म्यूज नदीच्या वळणात लाखभर माणसं पावसात, चिखलात उपाशी कोंडली गेली होती. तरी पुढे आगगाड्या होत्या. त्यांतून कैदी जर्मनीतल्या छावण्यांत पोहोचले. आजच्या लेखांकातही नदीचं वळणच आहे, पण ते टायग्रिसचं. त्या वळणात कूत हे गाव आहे आणि तिथे अडकलेल्या फौजेचं नाव होतं ‘सहावी पुणे डिव्हिजन’. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी तिच्यात होत्या.

पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१५ मध्ये ब्रिटिश जनरल टाउनशेंड ही फौज घेऊन बगदादच्या रोखाने निघाला. २२ तारखेला टेसिफोनला तुर्कांशी गाठ पडली आणि चार हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना न्यायला काय होतं? खेचरांच्या दोन चाकी लोखंडी गाड्या, त्याही स्प्रिंग नसलेल्या. मोडलेल्या हाडांची माणसं त्यांत एकमेकांवर ठेवून नदीकाठापर्यंत आणली. तिथून बोटींनी बसऱ्याला. अशी एक बोट धक्क्याला लागताना मेजर कार्टर या डॉक्टरने पाहिली. तिच्या बाजूंवरून दोरखंड लोंबताहेत असं त्याला लांबून वाटलं. बोट जवळ आली तेव्हा कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. हगवणीने बेजार झालेल्या जखमींना कठड्यापाशी नेऊन बसवायलाही कुणी नव्हतं. कार्टरने हे वर कळवलं, तर त्यालाच दमदाटी झाली. चौकशी आयोगाच्या १९१७ च्या अहवालात मात्र त्याची साक्ष नोंदली गेली.

माघार म्हणून पाहिली तर ती नीट पार पडली. पाठलागावर असलेल्या तुर्कांना वाटेत एकदा चांगला तडाखाही बसला. ३ डिसेंबरला फौज कूतला पोहोचली, तिथेच थांबली आणि तुर्कांच्या वेढ्यात सापडली. माझ्या मते घात झाला तो इथे, आणि त्याहून मोठा घात केला धान्याच्या हिशोबाने. टाउनशेंडने सुरुवातीला दोनेक महिन्यांचीच शिधासामग्री असल्याचं कळवलं. म्हणून सुटकेसाठी निघालेल्या फौजेने जानेवारीतच अपुऱ्या तयारीनिशी घाईघाईने हल्ले केले. नंतर गावात झडती घेतली तेव्हा एप्रिलपर्यंत पुरेल एवढं धान्य निघालं. तोवर बसऱ्याला कुमक उतरत होती, पण तिला नदीतून वर न्यायला उथळ पाण्यात चालणाऱ्या बोटी पुरेशा नव्हत्या. आत अडकलेल्या तेरा हजारांना सोडवायला गेलेल्यांपैकी सुमारे २३,००० माणसं मेली किंवा जखमी झाली.

आत घोडे आणि खेचरं कापून खाणं सुरू झालं. अनेक हिंदी शिपायांनी ते मांस खायचं नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली, तरी बरेच दिवस ते तयार झाले नाहीत. गावी परतल्यावर आपलं पान वेगळं मांडतील, ही धास्ती जनरलच्या हुकमापेक्षा मोठी होती. मूठभर जवाच्या पिठावर दिवस काढताना त्यांच्या हिरड्या सुजल्या, स्कर्व्ही जडली. १४७ दिवसांचा वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला.

युद्धकैद्याला आपल्या सैनिकाइतकाच शिधा द्यावा, असं १९०७ चा हेग करार सांगतो. पण तुर्की शिपाई स्वतःच अर्धपोटी, फाटक्या बुटांत लढत होता. त्याच्या बरोबरीने मिळणारा शिधा आधीच उपासाने खंगलेल्या माणसाला जगवणार कसा?

आता नकाशावर बगदाद रेल्वे पाहा. बगदादहून उत्तरेला निघालेले रूळ समराला संपत होते. पलीकडून, अलेप्पोच्या बाजूने आलेले रूळ रास-अल-ऐनपर्यंत पोहोचले होते. मधल्या शेकडो किलोमीटरमध्ये रेल्वे नव्हती, होतं ते वाळवंट. शिपाई कैद्यांना समरापर्यंत डब्यात कोंबून नेलं आणि पुढे मोसुल, नुसैबिनवरून उन्हाळ्यात पायी चालवलं. पाण्याची पखाल नव्हती, कित्येकांच्या पायात बूटही उरले नव्हते. जो मागे पडला, तो तिथेच राहिला. अधिकाऱ्यांना वेगळं काढून नेलं होतं. टाउनशेंडला तर इस्तंबूलजवळच्या बेटावर घर मिळालं. ब्रिटिश शिपायांपैकी सुमारे ७० टक्के कैदेत मेले. हिंदी शिपाई आणि त्यांच्यासोबतचे कामकरी मिळून हजारोंच्या संख्येने गेले. उरलेल्या हिंदी कैद्यांपैकी अनेकांना रास-अल-ऐनला रेल्वेच्याच कामावर जुंपलं. ज्या तुटलेल्या टप्प्यात सोबती गमावले, तोच पुरा करायला हाती कुदळी आल्या.

या रस्त्याने चाललेल्यांत शिशिर सर्वाधिकारी हा बंगाली रुग्णसेवा पथकातला तरुणही होता. रास-अल-ऐनला त्याने आर्मेनियन लोकांचे झालेले हालही पाहिले. त्याचं ‘अभि ले बगदाद’ हे बंगाली पुस्तक १९५० च्या दशकात निघालं. त्याचा आधार होती कैदेतली रोजनिशी. ती सापडू नये म्हणून त्याने पानं फाडून बुटांत दडवली होती आणि तीच पायाखाली घेऊन तो चालत राहिला.