दोन गाऱ्हाणी, एक वर्ष

धर्मनिरपेक्ष राज्यसंस्था धर्माला हात घालते ती बहुधा गाऱ्हाणे जोपासण्यासाठी, असे माझे मत आहे. १९८६ हे वर्ष त्याची साक्ष देते. १ फेब्रुवारीला जिल्हा प्रशासनाने शांततेला धोका नसल्याचे फैजाबादच्या न्यायालयात सांगितले आणि अयोध्येतील कुलूप त्याच दिवशी उघडले. मे महिन्यात संसदेने शाहबानो निकाल निष्प्रभ करू पाहणारा कायदा संमत केला. एका समाजाला ‘धर्म संकटात’ असल्याची, तर दुसऱ्याला ‘आपल्यालाच डावलले’ गेल्याची भावना राजमान्य झाली. पोटगी मागणारी घटस्फोटित मुस्लिम स्त्री मात्र २००१च्या डॅनियल लतिफी निकालापर्यंत अधांतरीच राहिली. म्हणून अन्यायाचा घोष ऐकू आला, की त्यात प्रत्यक्ष पीडिताचा आवाज आहे का, हे मी आधी तपासतो.