क्षमा आणि निरुपाय

‘मी तुला क्षमा केली’ हे वाक्य मराठी संसारात सहसा उच्चारले जात नाही. नाटकातील नायकाच्या तोंडी ते शोभते. घरातला अबोला सुटतो तो ‘पान वाढलंय’ एवढ्यानेच. दुखावलेली पत्नी पतीच्या आवडीची भाजी करते. दुखावलेला पती ‘येताना काही आणायचंय का?’ असे दारातून विचारतो. आणि प्रकरण मिटले, असे दोघेही समजतात.

कृतीची ही भाषा कायद्यानेही मानली आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या २३ व्या कलमान्वये, क्रूरतेच्या कारणास्तव दाद मागणाऱ्याने त्या क्रूरतेला क्षमा केलेली नसावी लागते. पुण्यात विवाह झालेल्या एका दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली या क्षमेचा अर्थ उलगडला. निकालपत्र न्या. य. वि. चंद्रचूड यांचे. पत्नीचे वर्तन क्रूरतेचे होते, हे न्यायालयाने मान्य केले. तथापि त्यानंतरही उभयतांचे वैवाहिक सहजीवन चालू राहिले, अपत्यही झाले. त्याअर्थी पतीने क्षमा केली होती, असे ठरवून त्याला न्यायालयीन विभक्तता नाकारण्यात आली. क्षमा म्हणजे नुसते विसरणे नव्हे, तर अपराध्याला त्याचे पूर्वीचे स्थान परत देणे होय. शिवाय नवा अपराध घडल्यास जुनाही पुन्हा उभा राहतो, असे हे विवेचन आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर ही कर्जमाफी नव्हे. वसुलीला दिलेली सशर्त स्थगिती आहे.

विवेचन मार्मिक आहे, यात शंका नाही. परंतु ज्याला वेगळे बिऱ्हाड करणे परवडते, त्याच्या वर्तनावरून असे अनुमान काढणे निराळे आणि जिला माहेरचे दार बंद आहे, हाती मिळकत नाही, मुलांची फी भरायची आहे, तिच्या वर्तनावरून काढणे निराळे. ती पान वाढते, बोलतेही. ते तिला दुसरा मार्ग नसतो म्हणून. निरुपायाला क्षमेचे नाव देणे पतीला अर्थातच सोयीचे असते!

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. त्यामुळे घरात राहणे आणि क्षमा करणे या दोन गोष्टी निदान कागदावर तरी वेगळ्या झाल्या. स्वतःच्या पगाराचे पासबुक जवळ असलेल्या पत्नीने अबोला सोडला, तर त्याचा अर्थ लावणे तुलनेने सोपे. जेथे असे पासबुक नाही, तेथे पतीला तिचे मन विचारावेच लागेल आणि उत्तरासाठी काही दिवस थांबावेही लागेल.