व्ही, ई, एम, एफ, के म्हणजे नाशिक

डिसेंबर २०२१मध्ये नाशिकला ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्या तीन दिवसांची टिपणं मी एका जुन्या, सेकंडहँड अल्फास्मार्ट निओ या लेखनयंत्रावर घेतली. पूर्ण आकाराच्या कळा, वर जेमतेम सहा ओळींचा पडदा, आत तीन पेन्सिल सेल. इंटरनेट नाही, त्यामुळे लिहिण्यावाचून दुसरं काही करताच येत नाही. लाइट गेली तरी काम थांबत नाही. पण या यंत्राचं उत्पादन २०१३मध्येच बंद झालेलं. ते बिघडलं तर आतलं लेखन कुठून आणायचं, ही धाकधूक पहिल्या दिवसापासून होती.

त्याहून मोठी अडचण मराठीची. निओला देवनागरी येत नाही. माझ्या बोटांत मात्र इन्स्क्रिप्ट ही देवनागरी कळांची मांडणी पक्की बसलेली. म्हणून मी पडद्याकडे न बघता इन्स्क्रिप्टच्याच कळा दाबत गेलो. ‘नाशिक’ लिहिलं की पडद्यावर रोमन व्ही, ई, मोठा एम, एफ, के उमटायचं. मागचं वाचता येत नव्हतं, पण पहिल्या खर्ड्याला ते चालून गेलं.

२०२२च्या उन्हाळ्यात घरातल्या जुन्या फोनवर पोस्टमार्केटओएस हे लिनक्स बसवलं. फोनवर घरच्या संगणकासारखंच काम करता यावं, एवढाच हेतू. ओटीजी वायरीने निओ जोडला की फोन त्याला साधा यूएसबी कळफलक समजतो. ‘सेंड’ दाबलं की निओ साठवलेला मजकूर जणू स्वतःच टाइप करू लागतो. तो अक्षर पाठवतच नाही; कोणती कळ दाबली आणि सोबत शिफ्ट होती का, एवढंच कळवतो. त्या कळेचं अक्षर कोणतं, हे फोन ठरवतो.

पहिल्यांदा फोन इंग्रजी मांडणीवर राहिला आणि पानभर रोमन गिचमिड आली. मांडणी इन्स्क्रिप्ट करून पुन्हा ‘सेंड’ दाबलं. ‘प’ आला, त्याच्या डोक्यावर अनुस्वार बसला, मग ‘च’, ‘व’, ‘ट’, शेवटी वेलांटी. पंचवटी! ‘ळ’ आला, ‘किनाऱ्यावर’मधला ‘ऱ्य’सुद्धा नीट जुळला. त्या संध्याकाळी मी तेच टिपण तीनदा पाठवून पाहिलं.

पुढच्या वर्षभरात घडी बसली. अक्षरं गळू नयेत म्हणून निओचा पाठवण्याचा वेग कमी केला. मध्येच फोन आला तर मजकूर भलत्याच खिडकीत जातो, म्हणून आधी विमान मोड. वीज पुरावी म्हणून बाहेरून वीज घेणारा हब. मजकूर साध्या युनिकोड फाइलीत ठेवायचा, बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये नोंदवायचा आणि आरसिंक या फाइली जुळवणाऱ्या साधनाने घरच्या संगणकावर न्यायचा. सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, दुपारभर संदर्भ चाळून घेतलेली टिपणं रात्रीच्या जेवणाआधी दोन ठिकाणी सुरक्षित असतात.

याच काळात माळ्यावर नव्वदच्या दशकातल्या फ्लॉपी सापडल्या. वाचण्याचं यंत्र मिळवलं, फाइली उघडल्या, आणि पडद्यावर तशीच रोमन गिचमिड. ते लेख एका विशिष्ट फाँटमध्ये टाइप केलेले होते. तो फाँट आता माझ्याकडे नाही आणि कोणतं चिन्ह कोणत्या अक्षरासाठी वापरलं, याचा तक्ताही मी जपला नाही. फाइली शाबूत, लेखन मात्र हरवलेलं. याचं दुःख अजून जात नाही.

निओवरची गिचमिडही दिसायला तशीच. पण तिची किल्ली उघड आहे. इन्स्क्रिप्टची मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६मध्ये प्रमाण ठरवली. ती कुणा एका फाँटवर अवलंबून नाही. मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे, की फाइलीबरोबर ती वाचण्याची किल्लीही जपा.

माझ्या प्रत्येक बॅकअपच्या फोल्डरमध्ये आता पहिली फाइल तक्त्याची असते: व्ही म्हणजे न, ई म्हणजे काना, मोठा एम म्हणजे श. तोच तक्ता हाताने कागदावर लिहून निओच्या पिशवीतही ठेवला आहे.