जुने नकाशे आणि गावकुसाबाहेरचा इतिहास

आपल्या गावाचा इतिहास लिहायला बसलेला कार्यकर्ता बहुधा पहिल्याच पानावर अडतो. पाटलाच्या वाड्यात सनदा असतात, कुलकर्ण्याकडे दप्तर असते, देवळाला शिलालेख असतो. महारवाड्याकडे काय असते? आठवणी असतात, आणि त्या दोन-तीन पिढ्यांपलीकडे क्वचितच जातात. अशा वेळी एका साधनाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ते म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने स्थलदर्शक नकाशे. भूगोलाच्या तासाला ज्यांना टोपोशीट म्हणतात ते हेच.

हे नकाशे आपल्यासाठी काढलेले नाहीत हे आधीच सांगितले पाहिजे. फौज कोणत्या वाटेने न्यावी, नदीला उतार कोठे आहे, मुक्कामाला पाणी कोठे मिळेल, हे साहेबाला कळावे म्हणून ते काढले गेले. सारा वसूल करण्यासाठी गावाची स्वतंत्र मोजणी झाली, ती निराळी. पण दोन्ही कामांत गावचा महार हजर होताच. गावची शीव त्याला ठाऊक होती. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष मोलाची मानली जाई. सरकारी अंमलदार गावात आला की त्याचे ओझे वाहणे आणि त्याला वाट दाखवणे हे तर वेठबिगारीत गृहीतच होते. ज्याच्या पायाखालच्या माहितीवर शिवेचे दगड कागदावर आले, त्याचे नाव त्या कागदावर नाही. नकाशा वाचताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

शीट शोधणे अवघड नाही. देशाचे अक्षांश-रेखांशाच्या चार-चार अंशांचे चौकोन पाडून त्यांना आकडे दिले आहेत. पुणे, सातारा, नगर हा मुलूख बव्हंशी ४७ या आकड्यात येतो. त्या चौकोनाचे एकेका अंशाचे सोळा भाग, त्यांना इंग्रजी अक्षरे. आणि प्रत्येक भागाची पुन्हा सोळा शीटे. पुणे शहर ४७ एफ/१४ वर आहे. १९०५ पासून निघालेली जुनी रंगीत शीटे एक इंचाला एक मैल या मापाची आहेत. दशमान पद्धत आल्यावर १ : ५०,००० हे माप आले. पूर्वी या नकाशांवर बरीच बंधने होती. २०१७ पासून काही शीटे सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर मोफत मिळू लागली आणि २०२१ च्या धोरणाने उरलेली बरीच बंधने सैल झाली. अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात काढलेली भारताची लहान मापाची शीटेही टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने खुली ठेवली आहेत. पण त्यांच्यावर महारवाडा शोधू नये, सापडायचा नाही.

एक इंची शीटावर मात्र पुष्कळदा सापडतो. तांबड्या ठिपक्यांचा दाट पुंजका म्हणजे गाव. त्याच्यापासून तुटून, बहुधा ओढ्याच्या अंगाला, चार-सहा ठिपके वेगळे दिसतात. ते आपलेच असतील असे नाही; मांगवाडा असेल, धनगरांची वस्ती असेल. म्हणून गावात जाऊन विचारल्याखेरीज काही लिहू नये. या मापावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे ६३ मीटर. पुंजका आणि ठिपके यांच्यामध्ये तीन मिलिमीटरची पांढरी जागा असली, तर प्रत्यक्षात ते अंतर दोनशे मीटरच्या आत भरते. अस्पृश्यतेचे मोजमाप पट्टीने घेता येते ते असे. मग विहिरींची निळी वर्तुळे पाहावीत. ठिपक्यांना सर्वांत जवळची विहीर कोणती? तिच्यावर पाणी भरता येत होते का? याचे उत्तर नकाशा देत नाही. महाडचे चवदार तळेही नकाशावर नुसती निळी खूण असते. २० मार्च १९२७ रोजी तिथे काय घडले ते त्या निळ्या रंगात नाही. नकाशा प्रश्न हाती देतो, उत्तर माणसांकडून आणावे लागते.

टोपोशीटावर शेतांच्या हद्दी नसतात. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा, टिपणे आणि आकारबंद मिळवावा. मुंबई इलाख्यातल्या मोजणीची जी पद्धत पुढे रूढ झाली, तिची सुरुवात १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात केली. त्याआधीची प्रिंगलची आकारणी रयतेला पेलवली नव्हती. ह्या जुन्या कागदांत ‘हाडकी’, ‘हाडोळा’ अशी शेतांची नावे भेटतात. ती महार वतनाची जमीन. बलुत्याच्या आणि ह्या तुकड्याच्या मोबदल्यात सगळ्या जातीला रात्रंदिवस राबवून घेण्याची सोय १८७४ च्या वतन कायद्याने पक्की केली. तो बदलावा म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने, आणि जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या. कलेक्टरच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. तरीही हाडोळा आज कोणाच्या नांगराखाली आहे हे पाहायचे असेल, तर जुना सर्व्हे नंबर, एकत्रीकरणानंतरचा गट नंबर आणि फेरफार हे तिन्ही एकाखाली एक लावून पाहावे लागतात. हे काम किचकट आहे, पण कोर्टात आठवण चालत नाही, हे कागद चालतात.

त्याच इंदापूर तालुक्यात भीमेकाठची गावे उजनीच्या पाण्याखाली गेली. धरण १९८० मध्ये पुरे झाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या पळसदेवचे दगडी देऊळ वर येते. वर्तमानपत्रे त्याचे फोटो छापतात, लोक होडीतून पाहायला जातात. मातीच्या भिंती पाण्यात विरघळतात, त्या वर येत नाहीत. धरणाआधीच्या शीटावर मात्र नदीकाठचे ठिपके जसेच्या तसे आहेत. बुडालेल्या गावांच्या कुसाबाहेरच्या वस्त्या कोठे होत्या हे दाखवणारा तेवढाच छापील पुरावा पुष्कळांच्या हाती राहिला असेल.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच होता. कोणाच्या पत्त्यावर जात कशाला हवी? पण नवी नावे पडली की पुढच्या पिढीला समतानगर नावाची वस्ती गावापासून दोनशे मीटर अंतरावर, ओढ्याच्या काठी का आहे, हे पाटीवरून कळणार नाही. म्हणून ठिकठिकाणच्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी हे काम आताच हाती घ्यावे. शीटावर ट्रेसिंग कागद ठेवून गावाची बाह्यरेषा, ओढा, विहिरी आणि तुटक रेषांच्या पाऊलवाटा उतरून घ्याव्यात. तो कागद घेऊन वस्तीतल्या सर्वांत वयस्क बाईकडे बसावे. पुरुषांना शेताचे बांध आठवतात, बायांना पाण्याची वाट आठवते. कोणत्या विहिरीवर किती वेळ ताटकळावे लागे, मेलेले ढोर कोणत्या वाटेने ओढून नेत, आपले मढे कोणत्या वाटेने जाई आणि ती वाट कोणी कधी नांगरली, हे विचारून पेन्सिलीने मांडावे. शीटाच्या समासात सर्वेक्षणाचे साल छापलेले असते. आपल्या कागदावर सांगणारीचे वय आणि सांगितल्याची तारीख लिहावी.