कर्क डग्लस आणि श्रेयनामावलीतील एक नाव

हॉलिवूडचे अभिनेते कर्क डग्लस यांचे ५ फेब्रुवारी २०२० रोजी, वयाच्या १०३ व्या वर्षी निधन झाले. रशियन साम्राज्यातून अमेरिकेत आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातील डग्लस यांनी १९४६ मध्ये चित्रपटसृष्टीत पदार्पण केले. 'चॅम्पियन', 'लस्ट फॉर लाइफ' यांसारख्या चित्रपटांसाठी तीनदा नामांकन होऊनही अभिनयाचे ऑस्कर त्यांना लाभले नाही. मानद ऑस्कर मिळाले ते १९९६ मध्ये, पक्षाघाताने वाचा अडखळू लागल्यानंतर.

त्यांचे मोठे धाडस मात्र पडद्यामागचे. साम्यवाद्यांचा शोध घेणाऱ्या संसदीय समितीला १९४७ मध्ये उत्तरे देण्यास पटकथाकार डाल्टन ट्रम्बो यांनी नकार दिला. त्यापायी त्यांना तुरुंगवास घडला आणि पुढे काळ्या यादीमुळे टोपणनावांनी लिहावे लागले. त्यांच्या एका कथेला ऑस्कर मिळाले, तेही दुसऱ्याच नावाने! १९६० च्या 'स्पार्टाकस'च्या श्रेयनामावलीत डग्लस यांनी ट्रम्बो यांचे खरे नाव झळकविले. गुलामांच्या बंडाच्या कथेला ते शोभणारेच होते. अर्थात, हे श्रेय त्यांचे एकट्याचे नव्हे. 'एक्झोडस'साठी दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजर यांनी ट्रम्बो यांचे नाव त्याच वर्षाच्या प्रारंभी जाहीर केले होते. 'स्पार्टाकस'विरुद्ध चित्रपटगृहांबाहेर निदर्शने झाली. ती ओलांडून फेब्रुवारी १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी हा चित्रपट पाहिला.