मतानुकूल वृत्तनिवड

मतानुकूल वृत्तनिवड : स्वतःच्या प्रस्थापित राजकीय मतांशी जुळणारी वृत्ते व भाष्ये आवर्जून वाचण्याची, ऐकण्याची वा पाहण्याची आणि त्या मतांना छेद देणारी वृत्ते टाळण्याची प्रवृत्ती. सामाजिक मानसशास्त्र, राज्यशास्त्र व संज्ञापनविद्या या तिन्ही शास्त्रांत तिचा अभ्यास होतो. या प्रवृत्तीचे सामान्यतः तीन टप्पे मानतात : कोणते वृत्त समोर येऊ द्यावयाचे याची निवड, समोर आलेल्या वृत्ताचा लावला जाणारा अर्थ आणि त्यातील स्मरणात राहणारा भाग. पहिला टप्पा उघड दिसतो. उरलेले दोन वाचकाच्या स्वतःच्याही सहसा ध्यानात येत नाहीत.

संशोधनाचा इतिहास : या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा प्रारंभ पॉल लाझार्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ओहायओ राज्याच्या ईरी परगण्यात १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी केलेल्या पाहणीपासून मानला जातो. सुमारे सहाशे मतदारांच्या एकाच गटाला मे ते नोव्हेंबर या काळात वारंवार भेटून ही पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष १९४४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. प्रचारामुळे मतांतर झालेले मतदार थोडे आढळले. बहुसंख्य मतदार आपल्याच पक्षाचा प्रचार अधिक वाचीत व ऐकत होते आणि त्यामुळे त्यांचे पूर्वीचे मत दृढ होत होते. लीऑन फेस्टिंजर यांनी १९५७ मध्ये संज्ञानात्मक विसंवादाचा सिद्धांत मांडून या प्रवृत्तीची मानसशास्त्रीय उपपत्ती दिली. परस्परविरोधी कल्पना एकाच वेळी मनात बाळगणे क्लेशदायक असल्यामुळे माणूस विसंवाद वाढविणारी माहिती टाळतो, असे या सिद्धांताचे सार आहे. पीटर वॅसन यांनी १९६० मध्ये केलेल्या प्रयोगात असे दिसून आले, की एखादा नियम शोधताना माणसे स्वतःचा तर्क सिद्ध करणारी उदाहरणे पुढे करतात. तो खोटा ठरवू शकतील अशी उदाहरणे तपासण्याचे त्यांना सहसा सुचत नाही.

तथापि डेव्हिड सीअर्स व जोनाथन फ्रीडमन यांनी १९६७ मध्ये उपलब्ध पुराव्याची छाननी करून एक महत्त्वाचा भेद दाखविला. वाचकापुढे मतानुकूल मजकूर अधिक येतो, एवढ्यावरून तो त्याने हेतुपूर्वक निवडला असे सिद्ध होत नाही. घरात वडिलांच्या काळापासून येणारे वृत्तपत्र, गावात मिळणारे एकमेव दैनिक, सभोवतालच्या मंडळींचे बोलणे यांमुळेही तसे घडते. अनुकूल वृत्ताकडे ओढ असणे आणि प्रतिकूल वृत्त टाळणे या दोन वेगळ्या गोष्टी असून पहिलीचा पुरावा दुसरीपेक्षा अधिक भक्कम आहे.

कारणे : (१) मनःस्वास्थ्य : आपण चुकलो, ही जाणीव अप्रिय असते. (२) विश्वासार्हतेचा अंदाज : प्रत्येक वृत्ताची स्वतः शहानिशा करणे वाचकाला अशक्य असते. त्यामुळे ज्या गोष्टी आपणास खऱ्या वाटतात त्या सांगणारा स्रोत विश्वसनीय, असे तो धरून चालतो. हा तर्क सर्वस्वी अविवेकी नाही. परंतु मूळ समज चुकीचा असल्यास चूक सुधारण्याऐवजी ती पक्की होते. (३) समूहनिष्ठा : राजकीय मत हे पुष्कळदा जात, गाव, गट व उपजीविका यांच्याशी निगडित असते. ते बदलणे म्हणजे आपल्या माणसांपासून दुरावणे होय. (४) पुरवठा : वाचकांची रुची ओळखून वृत्तपत्रे आपला मजकूर बेततात.

यांशिवाय समोर आलेल्या पुराव्याचा अर्थही एकसारखा लावला जात नाही. चार्ल्स लॉर्ड, ली रॉस व मार्क लेपर यांनी १९७९ मध्ये देहान्तशासनाच्या समर्थक व विरोधक विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक अनुकूल व एक प्रतिकूल असे दोन अभ्यास वाचावयास दिले. दोन्ही पक्षांनी प्रतिकूल अभ्यासातील दोष काढले आणि वाचनानंतर ते आपापल्या मतावर अधिकच ठाम झाले.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी : मराठी वृत्तपत्रसृष्टी आरंभी मुख्यतः मतपत्रांची होती. केसरी (१८८१) मधील मतभेदांनंतर आगरकरांनी १८८८ मध्ये सुधारक सुरू केले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यास केसरीने विरोध, तर सुधारकाने पाठिंबा दिला. कोणते पत्र घ्यावयाचे, या निवडीतच वाचकाचा पक्ष प्रकट होत असे. दीनबंधू (१८७७) व मूकनायक (१९२०) ही पत्रे मात्र वेगळ्या कारणाने निघाली. प्रस्थापित पत्रांत ज्यांच्या जीवनाचे चित्र उमटतच नव्हते, त्यांना स्वतःचे पत्र काढणे भाग पडले. तेव्हा समानमतवाल्यांचे पत्र वाचणे हा नेहमीच संकुचितपणा असतो, असे म्हणता येत नाही. १ जानेवारी १९३२ रोजी ना. भि. परुळेकर यांनी पुण्यात सकाळ सुरू केला; मतापेक्षा बातमीला आणि स्थानिक वृत्ताला महत्त्व देण्याचे त्याचे धोरण होते.

बारामती व इंदापूर : पुणे जिल्ह्यातील या दोन शेजारी तालुक्यांत प्रस्तुत प्रवृत्तीचे स्वरूप विशेष स्पष्टपणे पाहता येते. येथील राजकीय मत पाणी, ऊस व सहकार यांच्याशी जोडलेले आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने, दूध संस्था व पतसंस्था यांच्या निवडणुका गटांमध्ये लढविल्या जातात आणि पारावर, चहाच्या दुकानात वा दूध संकलन केंद्रावर वृत्ताचा अर्थ गटातील जाणत्या माणसाकडून लावला जातो. वृत्त प्रथम मतपुढाऱ्यांकडे व त्यांच्यामार्फत इतरांकडे पोहोचते, हा लाझार्सफेल्ड व एलिहू कॅट्झ यांनी १९५५ मध्ये विस्ताराने मांडलेला विचार येथे लागू पडतो.

पाण्याच्या वृत्तांत हा भेद तीव्र होतो. २०१९ मध्ये राज्य शासनाने नीरा-देवघर धरणाचे डाव्या कालव्यातून बारामती-इंदापूरकडे येणारे पाणी फलटण, माळशिरस आदी तालुक्यांकडे वळविण्याचा निर्णय घेतला. २०२० मध्ये नव्या सरकारने तो बदलला. एका बाजूस जे वृत्त हक्काचे पाणी मिळाल्याचे होते, तेच दुसऱ्या बाजूस पाणी पळविल्याचे ठरले. २०२१ मध्ये उजनी जलाशयातून इंदापूर तालुक्यासाठी ५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी उचलण्याच्या योजनेस मान्यता देण्यात आली. त्या वेळी इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे हेच सोलापूरचे पालकमंत्री होते. पुणे शहराकडून उजनीत येणारे सांडपाणी उचलले जाणार आहे, असे समर्थनार्थ सांगण्यात आले. सोलापूर जिल्ह्यात मात्र जिल्ह्याच्या वाट्याचे पाणी जात असल्याच्या भावनेने आंदोलने झाली व त्याच वर्षी तो आदेश रद्द करण्यात आला. ‘सांडपाणी’ व ‘वाट्याचे पाणी’ या दोन शब्दांतच दोन वृत्ते सामावली होती. उजनीच्या फुगवट्याखाली इंदापूरच्या अनेक गावांची जमीन गेली आहे, तर सोलापूरची शेती त्या धरणावर विसंबून आहे. दोन्हीकडील समजुतींना अनुभवाचा आधार आहे. मात्र पाण्याचा हिशेब एकच असतो. दोन्हीकडचे वाचक केवळ आपलीच बाजू वाचीत राहिले, तर तो हिशेब एकत्र बसून तपासणे कठीण होते.

जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात फूट पडली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व घड्याळ हे चिन्ह अजित पवार यांच्या गटास दिले. एकाच घराण्यावर दीर्घकाळ विश्वास ठेवणाऱ्या वाचकापुढे आता कोणते वृत्त ‘आपले’, हा प्रश्न उभा राहिला. ७ मे २०२४ रोजी मतदान झालेल्या लोकसभा निवडणुकीत सुप्रिया सुळे यांनी सुनेत्रा पवार यांचा दीड लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. बारामती व इंदापूर या दोन्ही विधानसभा क्षेत्रांत सुळे यांना आघाडी मिळाली. त्याच वर्षी २० नोव्हेंबर रोजी झालेल्या विधानसभेच्या मतदानात याच दोन क्षेत्रांतून अनुक्रमे अजित पवार व दत्तात्रय भरणे विजयी झाले. मतदानामागे अनेक कारणे असतात, हे मान्य करूनही यावरून दोन अनुमाने काढता येतात. मतानुकूल वाचनाची सवय मतदाराला कायमची जखडून टाकीत नाही, हे एक. दुसरे असे, की ज्यास राजकीय ‘मत’ म्हणतात ते पुष्कळदा विचारप्रणालीपेक्षा व्यक्ती व गट यांच्यावरील निष्ठा असते. नेत्याने पक्ष बदलला की काल अप्रिय वाटणारे वृत्त अनुयायांना आज प्रिय वाटू लागते, ते यामुळेच.

नवी माध्यमे व उपाय : व्हॉट्सॲप, यूट्यूब व फेसबुक यांच्यामुळे निवडीचे क्षेत्र अमर्याद झाले आणि संगणकीय क्रमनिर्धारणाची त्यात भर पडली. फेसबुकच्याच संशोधकांनी २०१५ मध्ये अमेरिकेतील एक कोटीहून अधिक वापरकर्त्यांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, विरोधी वृत्तांशी येणारा संपर्क घटण्यास संगणकीय क्रमापेक्षा वापरकर्त्याची स्वतःची निवड अधिक कारणीभूत होती. डेव्हिड ब्रूकमन व जोशुआ काला यांनी सप्टेंबर २०२० मध्ये फॉक्स न्यूजच्या नियमित प्रेक्षकांना मोबदला देऊन महिनाभर सीएनएन पाहावयास लावले. त्यांना आपल्या वाहिनीने वगळलेल्या गोष्टी कळल्या व काही बाबतींत त्यांची मतेही बदलली. तथापि मोबदला थांबताच बहुतेक जण पूर्वीच्या वाहिनीकडे वळले.

यावरून केवळ दुसरी बाजू उपलब्ध करून देणे पुरेसे नाही, असे दिसते. ती विश्वासातील माणसाकडून कळणे, मूळ शासन-आदेश व आकडेवारी सुलभपणे वाचावयास मिळणे आणि स्थानिक प्रश्नांवर दोन्ही बाजूंच्या लोकांनी समोरासमोर चर्चा करणे अधिक उपयुक्त ठरते. वाचकानेही एक साधी कसोटी लावावी : हेच कृत्य विरोधी गटाने केले असते, तर या वृत्तावर आपण इतक्याच सहजतेने विश्वास ठेवला असता काय?